बहिणीचं पात्र कच्चं आहे

२ फेब्रुवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. दिवसभर रजिस्टर लिहून हात दुखतो, घरी येऊन आणखी काय खरडायचं? पण हे सगळं पोटात ठेवलं तर डोकं फुटेल आणि सेटवर बोलले तर नोकरी जाईल, म्हणून इथे लिहितेय.

आज वाहिनीच्या बाईंनी वर बोलावून घेतलं. आमच्या मालिकेचे तेहेतीस भाग झालेत, चाळीस व्हायचे आहेत, आणि प्रेक्षक दर आठवड्याला गळतायत. उरलेले सात भाग करायचे की इथेच गुंडाळायचं, हे त्यांना ठरवायचंय. त्यासाठी मालिकेचे गुण आणि दोष दोन पानांत लिहून हवेत, बारा तारखेपर्यंत, आणि ते मी लिहायचे. मी म्हटलं, बाई, मालिकेचा लेखक माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, माहीत आहे, पण तेहेतीसच्या तेहेतीस भाग डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं दुसरं माणूस या इमारतीत नाही. शिवाय तुम्ही कोणाची भीड ठेवत नाही असं ऐकलंय. ही स्तुती होती की काय, मला अजून कळलेलं नाही.

हे गुपित राहील, धाकट्याला काही सांगू नका, असंही बजावलं. चार वर्षं तो या मालिकेच्या मागे होता. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन आला. शेवट डोक्यात आहे म्हणतो, पण कोणाला सांगत नाही. तो शेवट त्याला करायला मिळणार की नाही, हे आता माझ्या दोन पानांवर. म्हणजे वाईटपणा घ्यायला आम्ही आहोतच.

३ फेब्रुवारी

माझं काम म्हणजे कंटिन्युटी, साध्या भाषेत लक्षात ठेवणं. चित्रीकरण कधी ओळीने होत नाही. आज दार उघडतात आणि आठवड्याने आत शिरतात. मधल्या काळात कप कुठल्या हातात होता, वरचं बटण लागलेलं होतं का, ग्लासात पाणी किती होतं, हे सगळं माझ्या रजिस्टरमध्ये. एकतीस वर्षं करतेय. साध्या घरगुती मालिकेत हे सरळ असतं. भूतकाळात जाणाऱ्या माणसाची मालिका म्हणजे नुसता डोक्याला ताप. एकाच दुपारी पॅसेजमध्ये आमचे तीन हिरो: पहिल्या खेपेचा, दुसऱ्या खेपेचा, तिसऱ्या खेपेचा. तिघांना मिळून नट एकच, आणि त्याने काल कोणाला न विचारता केस कापले.

गोष्ट अशी. एक माणूस जुन्या इमारतीच्या लिफ्टमधून खाली जातो, आणि खाली अकरा वर्षांपूर्वीची एकच दुपार असते. त्या दिवशी त्याचे वडील गेले आणि तो वेळेवर पोचला नाही. खाली तो कोणाला दिसत नाही. घडलेलं काही बदलत नाही. चाळीस मिनिटांनी लिफ्ट आपोआप वर येते. हे नियम धाकट्याने पहिल्या भागात लिहिले आणि सांभाळायला माझ्या गळ्यात घातले. लिफ्टच का, तर बंद पडलेल्या एका हॉस्पिटलच्या मालिकेची लिफ्ट गोदामात पडून होती. स्ट्रेचर मावेल एवढी मोठी. हिरो एकटा आत उभा राहिला की वाटतं, याचं सामान यायचं राहिलंय.

५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत दोष लिहायला घेतले. भराभर सुचतात.

चौदाव्या भागात हिरो खाली पंचावन्न मिनिटं थांबतो. मी तेव्हाच हटकलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, कोण मोजतंय? मी मोजतेय ना! मग प्रेक्षकांची पत्रं आली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच त्याला खाली अडवून ठेवला होता. एकविसाव्या भागात तो खालून छत्री घेऊन वर येतो. खालची काडीसुद्धा वर आणायची नाही असा नियम, आणि हा छत्री आणतो. का, तर नटाला हातात काहीतरी हवं होतं. पुढचे चार भाग मी त्या छत्रीचं काय करायचं या विवंचनेत काढले.

पण सगळ्यात वैताग म्हणजे, हिरो सहा वेळा खाली गेला आणि सहाही वेळा वडिलांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत. एकदा पॅसेजमध्ये कपाट अडकलेलं असतं, एकदा दाराशी सायकल, एकदा तर नुसताच उभा राहतो आणि चाळीस मिनिटं संपतात. अरे बाबा, आत जायला काय होतं? मी धाकट्याला दोनदा विचारलं. एकदा म्हणाला, अजून वेळ आली नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, आत काय आहे ते त्याला माहीत नाही, म्हणून जात नाही. माहीत नाही म्हणूनच जायचं असतं ना? एवढा काळाचा प्रवास करून पॅसेजमध्ये उभा राहणारा हिरो मी पहिल्यांदाच बघतेय. प्रेक्षक गळतील नाहीतर काय करतील.

६ फेब्रुवारी

गुण लिहायला बसले आणि अर्धा तास कोऱ्या कागदाकडे बघत राहिले.

पण खोटं कशाला बोलू, गुण आहेत. अशा मालिकेत लोक राजेरजवाड्यांकडे जातात, लढाया थांबवतात, उद्याचं आज सांगून श्रीमंत होतात. आमचा माणूस फक्त बापाची एक दुपार बघायला जातो. दिवे लुकलुकत नाहीत, धूर नाही. लिफ्टचं जाळीचं दार ओढलं की झालं. संवाद म्हणाल तर धाकट्याच्या हातात जादू आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलणार नाही. आणि वडिलांचं काम करणारे म्हातारे नट, त्यांना तोड नाही. अजून त्यांचं तोंडसुद्धा दिसलेलं नाही, सगळं दाराआडून.

एकोणिसाव्या भागात हिरो दाराबाहेर जमिनीवर बसून वडिलांचा आतला खोकला ऐकतो. तीन मिनिटं, एक शब्द नाही. त्या तीन मिनिटांची माझ्या रजिस्टरमध्ये नोंदच नाही. मॉनिटरसमोर बसून मी काय करत होते कोण जाणे. नंतर कळलं, तो खोकला धाकट्याने नटाला चार दिवस बसून शिकवला होता. काय हा खटाटोप, खोकला तो खोकला.

८ फेब्रुवारी

आज बहिणीवर आले. मालिकेतली सगळ्यात कच्ची गोष्ट म्हणजे हिरोची मोठी बहीण. वडील तिच्याकडे राहतात. त्या दुपारी ती भावाला फोन करून सांगते, घाई करू नकोस, उद्या ये. आणि संध्याकाळी वडील जातात. का सांगते ती असं? तेहेतीस भागांत कारण नाही. वाईट म्हणावी तर वर्षभर सगळं तीच करतेय. चांगली म्हणावी तर असं तोंडातून निघतं कसं? तिचं काम करणारी नटी दर वेळी मला विचारते, मी रागावलेय का दमलेय? मी काय सांगू! माणूस जायला टेकलेलं असताना कोणी उद्या ये म्हणतं का? मी टिपणात लिहिलं, "बहिणीचं पात्र कच्चं आहे. लेखकाला ती समजलेली नाही, किंवा समजून घ्यायची त्याची इच्छा नाही." हे वाक्य मला आवडलं. दोनदा वाचलं आणि दोषांत पहिल्या नंबरावर घातलं.

दुपारी कपडेवाल्या बाई म्हणाल्या, लेखक घरचंच लिहितायत का हो? आमच्या घरात कसली आली लिफ्ट? आमचे बाबा शेवटी माझ्याकडे होते हे खरं, धाकटा दुसऱ्या दिवशी पोचला हेही खरं, पण असं हजार घरांत होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बाह्यांची बटणं सांभाळा.

१० फेब्रुवारी

वाहिनीचं ठरेल तेव्हा ठरेल, इकडे काम थांबत नाही. दिग्दर्शकांनी एकदाचं जाहीर केलं की चौतिसाव्या भागात हिरो खोलीत शिरणार म्हणजे शिरणार. धाकट्याने पानं दिलेली नाहीत, पण खोली तर उभी करायला हवी. आमचा कलादिग्दर्शक, ज्याला सगळे सेटवाला म्हणतात, वही घेऊन माझ्याकडे आला. वडिलांच्या खोलीत काय काय आहे?

मी रजिस्टर न उघडता सांगत गेले. पलंग खिडकीला लागून. शेजारी स्टूल, त्यावर पाण्याचा ग्लास, ग्लासावर बशी. चष्मा रुमालात गुंडाळून उशीच्या डाव्या बाजूला, कारण डबी हरवलेली. रेडिओची कळ तुटलेली, तिथे कपड्यांचा चिमटा. खिडकीच्या गजाला ओला टॉवेल. भिंतीवर औषधांच्या वेळांचा कागद. तो मीच लिहून देते म्हटलं, माझ्या अक्षरात बरोबर दिसेल. सेटवाला लिहून लिहून दमला. तुमच्या डोक्यात कॅमेरा बसवलाय म्हणाला. मी म्हटलं, सवय आहे.

१२ फेब्रुवारी

सकाळी टिपण देऊन आले. एक काम हातावेगळं झालं म्हणेपर्यंत सेटवाला समोर. भिंतींचा रंग जुळवायचाय, तर ही खोली कुठल्या भागात दिसते? मी म्हटलं नववा. त्याने नववा पाहिला, खोली नाही. मी म्हटलं मग विसावा. विसाव्यात दार बाहेरूनच. दुपारभर मी रजिस्टरची पानन् पान उलटलं. तेहेतीस भागांत ते दार एकदाही उघडलेलं नाही. कसं उघडेल, मीच दोषांत लिहून दिलंय.

एकतीस वर्षांत माझी एक नोंद चुकलेली नाही आणि आज अख्खी खोली चुकली. सेटवाल्याला म्हटलं, बांधलीस ना आता, राहू दे, कोणाला बोलू नकोस. खोली आली कुठून याचा विचार करायला मला वेळ नाही. नटाचे केस अजून वाढलेले नाहीत.

१३ फेब्रुवारी

धाकटा आज सेटवर आला, हात हलवत. पानं नाहीत. मी तोंड सोडणारच होते, पण तो खोलीच्या दारात जाऊन जो उभा राहिला तो हलेना. दिवेवाले खोळंबले. मी म्हटलं, आत तरी हो नाहीतर बाहेर तरी. त्याने ऐकलंच नाही. तो त्या रुमालातल्या चष्म्याकडे बघत होता. मग रेडिओच्या चिमट्याकडे. हळूच विचारलं की हे कोणी सांगितलं, आणि सेटवाल्याने माझ्याकडे बोट केलं.

"पलंग खिडकीपाशी होता?" त्याने मला विचारलं.

"चार दिवस आधी हलवला," मी म्हटलं. "त्यांना रस्ता दिसायला हवा होता."

"मी आलो तेव्हा खोली आवरलेली होती."

एवढंच बोलून तो निघून गेला. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी मागून विचारलं की पानं कधी देतोस, तेही त्याने ऐकलं नाही.

घरी येऊन चहा ठेवला आणि तो उकळून उकळून आटला. आम्ही कोणाच्या पलंगाबद्दल बोलत होतो? मालिकेतला पलंग कोणी हलवलेला नाही. तो हलवला मी आणि शेजारच्या मावशींनी, अकरा वर्षांपूर्वी, आणि माझी कंबर आठ दिवस धरली होती. सेटवर बाबांची खोली उभी आहे. मी स्वतः बसून ती वस्तू वस्तू सांगितली आणि मला पत्ता नाही. लाज वाटली, राग आला, आणि मग नुसतंच भरून आलं.

१६ फेब्रुवारी

निकाल लागला. सात नाही, एकच भाग. चौतिसावा शेवटचा. वाहिनीच्या बाईंनी माझं टिपण जसंच्या तसं, माझ्या नावानिशी, धाकट्याला पाठवून दिलं आणि वर लिहिलं की दोष रास्त वाटतात. गुपित राहील म्हणे! एवढी वर्षं या धंद्यात काढून मी त्यावर विश्वास ठेवला, मलाच दोन द्यायला हव्यात.

धाकट्याचा फोन बंद. दिग्दर्शक हवालदिल. चार वर्षांचं काम, शेवट करायला एक भाग, आणि त्याचं एक पान नाही. माझ्या हाताने मी त्याचे सहा भाग कापले. टिपणातलं ते पहिल्या नंबरचं वाक्य आज परत वाचलं. कोणी भवानी लिहून गेली असं वाटलं.

१८ फेब्रुवारी

दुपारी धाकटा घरी आला. हातात माझी दोन पानं. मी आधीच सुरू झाले, की बाईंनी फसवलं, मी गुणही लिहिलेत, तू पालथं करून बघ. तो म्हणाला, सगळं वाचलं, छत्रीचं बरोबर आहे, पंचावन्न मिनिटांचंही बरोबर आहे. रागावलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघड झालं. मग त्याने बहिणीच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हेही बरोबर आहे, ताई. ती मला समजलेली नाही. अकरा वर्षं प्रयत्न करतोय. म्हणून तर तो आत जात नाही. ती उद्या ये का म्हणाली?"

मी म्हटलं, काहीतरी कारण घाल, डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं असं घाल. तो गप्प बसून राहिला. लहानपणीही असाच बसायचा, हवं ते मिळेपर्यंत.

मग मी सांगितलं. त्या वर्षी मी त्याला तीनदा फोन केले होते, असशील तसा निघ म्हणून. तिन्ही वेळा तो काम टाकून धावत आला आणि तिन्ही वेळा बाबा उठून बसले, चहा मागितला, हा कशाला आलाय म्हणाले. तिसऱ्या खेपेला त्याचं हातातलं काम गेलं. जाताना दारात बूट घालता घालता हसत म्हणाला होता, ताई, पुढच्या वेळी जरा खात्री करून बोलव. तो म्हणतो, मी असं बोललोच नाही. बोलला होता. डाव्या बुटाची नाडी बांधत होता. लक्षात ठेवणं हे माझं काम आहे.

"त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही," मी म्हटलं. "मला वाटलं, याही वेळी उठून बसतील. आणि मला चौथ्यांदा खोटं पडायचं नव्हतं. तुझ्या कामाची काळजी वगैरे काही नव्हती. ते मी नंतर लोकांना सांगितलं."

तो म्हणाला की त्याला इतकी वर्षं वाटत होतं, मला तो तिथे नको होता. हे ऐकून मी हबकलेच. वर्षभर एका सेटवर आहोत, रोज बोलतोय, भांडतोय, आणि हा मनात हे घेऊन हिंडतोय. आणि मी शहाणी, त्यातल्या छत्र्या मोजतेय.

"बाबा काही म्हणाले?" त्याने विचारलं. हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"चार वाजता म्हणाले, धाकटा निघाला का. मी म्हटलं, निघालाय. पाच वाजता परत विचारलं. मी म्हटलं, वाटेत आहे. मग खिडकीतून रस्त्याकडे बघत पडले."

"म्हणजे त्यांना वाटत होतं मी वाटेत आहे."

"हो."

"अकरा वर्षं वाटेतच आहे मी, ताई."

मग आम्ही दोघं रडलो. चांगलंच रडलो, शोभेल असं नाही. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा, मी सत्तावन्न. नंतर त्याने विचारलं, हे लिहू का? मी म्हटलं, लिही, पण बहीण रागावलेली नव्हती आणि दमलेलीही नव्हती. ती घाबरलेली होती. हे त्या नटीला नीट सांग, बिचारी वर्षभर विचारतेय.

२४ फेब्रुवारी

शेवटचा भाग आज चित्रित झाला. पानं दोन दिवस आधी आली, हे आमच्या सेटवर पहिल्यांदाच. मी चुका शोधल्या. सापडल्या नाहीत, फक्त शेवटचं पान सोडून.

हिरो लिफ्टमधून खाली येतो, दार ढकलतो आणि आत जातो. वडील विचारतात, निघाला का. बहीण सांगते, निघालाय. नटीने इतकं सरळ सांगितलं की कपडेवाल्या बाई नाक पुसायला बाहेर गेल्या. हिरो पलंगाशी बसतो. कोणाला दिसत नाही, बोलता येत नाही, नियमाप्रमाणे सगळं चोख. मग शेवटचं पान. वीस मिनिटं उरली असताना तो खोलीतून उठतो, जिना उतरून रस्त्यावर जातो, लांब कोपऱ्यापर्यंत जातो, आणि तिथून वळून घराकडे चालत येतो. खिडकीतून दिसेल असा. वडील खिडकीबाहेर बघतात आणि त्यांचा चेहरा खुलतो.

दिग्दर्शकांनी पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. माझी सही झाल्याशिवाय पान कॅमेऱ्यासमोर जात नाही, ही आमच्याकडची पद्धत. खाली तो कोणाला दिसत नाही आणि घडलेलं बदलत नाही. नियम धाकट्याचा, पण सांभाळायचा मी. चौदाव्या भागात नुसत्या पंधरा मिनिटांवरून मी सेट डोक्यावर घेतला होता. धाकटा दिव्यांच्या मागे उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता.

दिग्दर्शक म्हणाले, बाई, हे चालतं का? वडिलांना तो दिसला का?

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. ते खिडकीकडे बघत होते तेव्हा बहीण स्वयंपाकघरात औषधासाठी पाणी गरम करत होती. परत आली तेव्हा संपलेलं होतं. मधे त्यांना रस्त्यावर काय दिसलं याची नोंद कोणाकडेच नाही. आणि ज्याची नोंद नाही ते बदललं असं मी म्हणू शकत नाही.

मी सही केली. म्हाताऱ्या नटांनी एका टेकमध्ये दिलं. धाकटा आज पहिल्यांदा त्या खोलीत आला आणि पलंगाच्या काठावर बसून खिडकीतून बघत राहिला. बाहेर आमच्या रंगाऱ्याने रंगवलेला रस्ता होता. दिवेवाल्यांना सामान आवरायचं होतं, मी त्यांना थांबवलं.

रजिस्टरमध्ये लिहिलं: वडील खिडकीबाहेर बघतात. हसतात.